सरकारने खर्च वाढवला की रोजगार वाढतो का?

नागपुरात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: सरकारने खर्च वाढवला किंवा कर कमी केला की उत्पादन वाढते आणि बेरोजगारी घटते असे आम्ही शिकतो, मग गेल्या दहा वर्षांत या शहरात मेट्रो झाली, सिमेंटचे रस्ते झाले, समृद्धी महामार्ग झाला, तरी माझ्यासारख्या पदवीधराला काम का मिळत नाही? आणि खर्चाने वाढ होत असेल, तर सरकार दरवर्षी आणखी खर्च का करत नाही?

मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ होतो आणि त्यातली बरीच वर्षे विदर्भातल्या कोषागारांत गेली. त्यामुळे सिद्धांत आवश्यक तेवढा सांगेन, पण कोषागारातून निघालेला रुपया पुढे कुठे जातो आणि कुठे अडतो हे जवळून पाहिले असल्याने अधिक भर त्यावर देईन.

सुरुवात ठिय्यापासून करू. सकाळी आठच्या सुमारास शहरातल्या कोणत्याही ठिय्यावर गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी आणि रेजा कामाची वाट पाहत उभे असतात. खासगी बांधकामे जोरात असली की नऊपर्यंत ठिय्या रिकामा होतो. बांधकामे थंडावली की अकरा वाजेपर्यंत निम्मी माणसे डबा तसाच घेऊन घरी परततात. मंदी म्हणजे हीच अवस्था: काम करायला हात आहेत, चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत भट्ट्या आहेत, ट्रक उभे आहेत, पण मागणी नाही. अशा वेळी सरकारने रस्त्याचे काम काढले, तर त्या मजुरीतून किराणा, औषध, मुलांची फी भागते. किराणा दुकानदाराचे उत्पन्न वाढते, तोही त्यातला काही भाग खर्च करतो आणि मूळ रुपयापेक्षा अधिक उत्पन्न निर्माण होते. यालाच गुणक म्हणतात. १९३० च्या दशकातील महामंदीत ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी हा विचार धोरणाच्या केंद्रस्थानी आणला. हातात आलेल्या प्रत्येक जादा रुपयातले ६० पैसे पुन्हा खर्च होतात असे धरले, तर १ रुपया, मग ६० पैसे, मग ३६ पैसे अशी साखळी चालून एकूण परिणाम अडीच रुपयांचा होतो.

प्रत्यक्षात ही साखळी जागोजागी गळते. काही पैसा करात जातो, काही बचतीत, आणि काही बाहेरच्या मालावर. नागपूर मेट्रोच्याच खर्चाकडे पाहा. पहिल्या टप्प्याचा मूळ अंदाज ८,६८० कोटी रुपयांचा होता. त्यातल्या खांबांचे सिमेंट चंद्रपूरकडून आले असेल, तर तो पैसा विदर्भात राहिला. पोलाद भिलाई-रायपूरकडून आले, तर त्याची मजुरी छत्तीसगडात गेली. आणि डबे चीनमध्ये बनले, म्हणजे तेवढ्या खर्चाने तिथल्या कामगाराला काम मिळाले. म्हणून ‘इतक्या कोटींचा प्रकल्प’ हा आकडा ऐकून त्याच प्रमाणात स्थानिक रोजगाराची अपेक्षा धरणे चुकीचे ठरते. देशासाठी मोजलेला गुणक राज्यासाठी कमी होतो आणि एका शहरासाठी त्याहूनही कमी, कारण हद्द जितकी लहान तितकी गळती मोठी.

खर्च कशावर होतो यानेही गुणक बदलतो. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये भारतासाठी जो अंदाज मांडला, त्यात भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते, धरणे, इमारती अशा टिकाऊ मालमत्तेवरच्या खर्चाचा, गुणक सुमारे २.४५ निघाला, तर थेट हस्तांतरणांचा, म्हणजे लोकांच्या हाती थेट दिलेल्या रकमांचा, ०.९८, म्हणजे एकाच्या किंचित खाली. केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत भांडवली खर्चावर भर दिला, २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ११.११ लाख कोटी रुपये ठेवले आणि राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षे मुदतीची बिनव्याजी कर्जे दिली, त्यामागे हेच गणित आहे. राज्यात लाडकी बहीण योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. तो पैसा गरीब घरात लगेच आणि बहुतेक जवळच्या दुकानात खर्च होतो, त्यामुळे मागणीला आधार मिळतो यात मला शंका नाही. त्या घरांची गरज खरी आहे आणि आधार म्हणून या योजनेचे समर्थन करता येते. परंतु त्यासाठी रस्ते, कालवे, पाणीपुरवठा यांचा निधी मागे पडला, तर त्याला विकासाचे धोरण म्हणता येणार नाही, कारण उद्याची उत्पादनक्षमता त्यातून उभी राहत नाही. करकपातीलाही हाच निकष लावावा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला आणि त्यासाठी वर्षाला सुमारे १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असे सरकारनेच सांगितले होते. ज्या कारखान्याची निम्मी यंत्रे मागणीअभावी बंद आहेत, त्याचा मालक कर वाचला म्हणून नवे यंत्र घेत नाही. त्या वेळी अर्थव्यवस्थेला गरज गिऱ्हाइकाची होती, आणि माझ्या मते तोच पैसा ग्रामीण कामांवर गेला असता तर परिणाम लवकर दिसला असता.

आता तुमच्या प्रश्नातला एक गोंधळ दूर करतो, कारण तो वर्तमानपत्रांतही नेहमी दिसतो. उत्पादनाची पातळी आणि उत्पादनाची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, सरकारने एका शहरात पहिल्या वर्षी १०० कोटींची कामे केली, दुसऱ्या वर्षी १५०, तिसऱ्या वर्षी १५० आणि चौथ्या वर्षी ९०. दुसऱ्या वर्षी खर्चाने वाढीला ५० कोटींचा रेटा दिला. तिसऱ्या वर्षी खर्च भरपूर आहे, उत्पादनाची पातळी उंच आहे, पण वाढीतला वाटा शून्य. चौथ्या वर्षी ९० कोटी खर्चूनही परिणाम उणे ६० कोटींचा होतो. शहरात मेट्रोचे खांब आणि सिमेंटचे रस्ते एकाच वेळी होत होते, तेव्हा सेंट्रिंगवाल्याला उसंत नव्हती. ती कामे सरत आली तशी तीच माणसे पुन्हा ठिय्यावर दिसू लागली. खर्च थांबला नव्हता, फक्त आधीच्या वर्षापेक्षा कमी झाला होता. ‘सतत जास्त खर्च का नाही’ या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे: केवळ मागणीच्या जोरावर वाढ टिकवायची, तर खर्च दरवर्षी आणखी वाढवत न्यावा लागतो आणि ते कोणत्याही तिजोरीला झेपत नाही. खर्चातून जे उभे राहिले, त्याने पुढे स्वतःचे उत्पन्न निर्माण केले तरच रेटा ओसरल्यावरही वाढ टिकते.

हे कळण्यासाठी गोसीखुर्दचे उदाहरण विदर्भातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावे. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे उद्दिष्ट होते, पण साडेतीन दशकांनंतरही कालव्यांची आणि वितरिकांची कामे चालूच राहिली. हिशेबाच्या भाषेत हा सगळा भांडवली खर्च आहे आणि ज्या ज्या वर्षी तो झाला, त्या त्या वर्षी त्याने मजुरी आणि मागणी निर्माण केली. परंतु धरणातले पाणी शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नाही तोवर शेतकऱ्याचे दुसरे पीक नाही, दुसरे पीक नाही तर त्यावरची गिरणी नाही, वाहतूक नाही, आणि त्या गावातल्या मुलाला गावात काम नाही. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा विकासाचा अनुशेष मोजला, तेव्हा विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला होता. अनुशेषाची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘निधी किती दिला’ इथेच संपते. काम किती वर्षांत पूर्ण झाले, हा प्रश्न माझ्या दृष्टीने निधीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण दहा प्रकल्प निम्मे करून ठेवण्यापेक्षा पाच पूर्ण केले, तर तेवढ्याच पैशात क्षमता दुप्पट वेगाने उभी राहते.

वेळेचा प्रश्न आला की मला कोषागार आठवते. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. मध्ये पावसाळा, कधी आचारसंहिता. प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर वेग घेते आणि देयके मार्चमध्ये एकदम येतात. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात टेबलांवर देयकांचे गठ्ठे, बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर शेवटच्या तासांत पडणारा निधी, हातात मोजमाप पुस्तिका धरून दाराशी थांबलेले उपअभियंते आणि बँकेची उघडी ठेवलेली शाखा हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले. मंदीवर उपाय म्हणून जाहीर केलेला खर्च दहा-बारा महिन्यांनी असा हातात येत असेल, तर तोवर मंदी ओसरून महागाई सुरू झालेली असू शकते. २००८ च्या जागतिक संकटानंतर केंद्राने उत्पादन शुल्क आणि सेवाकर कमी केले, खर्च वाढवला, ते त्या क्षणी आवश्यकच होते. पण आधार काढून घ्यायला उशीर झाला आणि पुढची काही वर्षे किरकोळ महागाई दोन आकड्यांच्या आसपास राहिली.

याहून वाईट म्हणजे थकलेले देयक. एक छोटा कंत्राटदार मला माहीत आहे. त्याने एका कार्यालयासाठी गावरस्त्याचे काम वेळेत पूर्ण केले आणि चौदा महिने पैशांची वाट पाहिली. त्या काळात त्याने चढ्या व्याजाने पैसे उचलले, गिट्टीवाल्याची उधारी थकवली आणि शेवटी आपली बावीस माणसांची टोळी मोडली. सरकारी हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवला जातो, म्हणजे पैसे दिले तेव्हाच खर्च नोंदला जातो. म्हणून थकलेले देयक वित्तीय तुटीत, म्हणजे खर्च भागवण्यासाठी कर्जाने उभ्या कराव्या लागणाऱ्या रकमेत, दिसत नाही. कागदावर तूट आटोक्यात असते. प्रत्यक्षात सरकारने गावातल्या कंत्राटदाराकडून, आणि त्याच्यामार्फत मजुराकडून, बिनव्याजी उसनवारी केलेली असते. गुणकाची साखळी इथे पहिल्याच कडीला तुटते. वेळेवर पैसे देणे हेसुद्धा वित्तीय धोरणच आहे आणि त्याला नव्या कराची गरज लागत नाही, हे मी सेवेत असतानाही सांगत आलो.

खर्च वेळेवर कसा पोहोचवायचा याचे उत्तर महाराष्ट्रानेच शोधले होते, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्याने मागेल त्याला काम दिले. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख लोक होते. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला हा अनुभव उपयोगी पडला. या योजनेची वित्तीय रचना फार विचारपूर्वक केलेली होती. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. आजही नागपुरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी वर्षाला २,५०० रुपयांची जी कपात दिसते, ती त्याच कराची. शहरातला पगारदार ते २०० रुपये गेल्याने भाजीपाला कमी घेत नाही, बचत थोडी कमी करतो. तेच पैसे मजुराच्या हातात गेले की पूर्ण खर्च होतात. म्हणजे कर आणि खर्च समान ठेवून, तूट न वाढवता, मागणी वाढवता येते. दुसरे म्हणजे कामे आधीच मंजूर करून शेल्फवर ठेवायची असल्याने दुष्काळ पडला की नवा निर्णय न घेता खर्च आपोआप वाढतो आणि पाऊसपाणी चांगले झाले की आपोआप उतरतो. त्यातून झालेल्या पाझर तलावांनी आणि बांधबंदिस्तीने जिथे पाणी धरले, तिथे क्षमताही वाढली.

याच्या नेमके उलट काय होते, ते २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीत महसूल आटला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्यातील विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला गेला, आरोग्यासारखे विभाग वगळता नवी भरती थांबली. राज्याला नोटा छापता येत नाहीत, वर्षभरात काढायच्या कर्जाला राज्यातील एकूण उत्पादनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास मर्यादा असते, त्यामुळे वित्त विभागापुढे पर्याय थोडे होते हे मी मान्य करतो. तरीही अर्थशास्त्राच्या दृष्टीने मागणी कोसळत असताना सरकारनेही हात आखडणे म्हणजे मंदी वाढवणे. म्हणूनच केंद्राने त्या वर्षी राज्यांची कर्जमर्यादा पाच टक्क्यांपर्यंत वाढवली आणि स्वतःची तूट ९.२ टक्क्यांपर्यंत जाऊ दिली. ग्रामीण रोजगार हमीवर त्या वर्षी सुमारे १ लाख ११ हजार कोटी रुपये गेले. मंदीत खर्च टिकवणे ही केंद्राची जबाबदारी अधिक का, हे यावरून लक्षात येईल.

मग मर्यादा कुठे येते? रेतीघाटांचे लिलाव लांबले की काय होते ते आठवा. कामे मंजूर आहेत, पैसा आहे, मजूरही आहेत, पण रेती नाही. अशा वेळी आणखी दहा कामांना निधी दिला, तर एकही घर जास्त बांधले जात नाही, फक्त रेतीचा ट्रक महाग होतो. संपूर्ण अर्थव्यवस्थेत हात, यंत्रे, वीज आणि माल पुरेपूर वापरात असताना सरकारी खर्च वाढवला की असेच घडते: भाव वाढतात, चार टक्के महागाईचे उद्दिष्ट सांभाळण्यासाठी रिझर्व्ह बँकेला व्याजदर वाढवावे लागतात आणि नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतला कारखानदार विस्ताराचे कर्ज पुढे ढकलतो. सरकारने जे वाढवले, ते खासगी गुंतवणुकीतून वजा होते. दुसरी मर्यादा व्याजाची. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्याजासाठी १२.७६ लाख कोटी रुपये ठेवले होते, म्हणजे महसुली उत्पन्नाचा तिसऱ्या भागाहून अधिक. त्याच वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पात १,३६,२३५ कोटींची वित्तीय तूट आणि ४५,८९१ कोटींची महसुली तूट होती. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढलेले कर्ज. कालव्यासाठी काढलेले कर्ज कालवा फेडू शकतो. पगार, निवृत्तिवेतन आणि अनुदानांसाठी काढलेले कर्ज पुढच्या वर्षीच्या कामांच्या निधीतून फिटते.

आता तुमच्या नोकरीविषयी. देशाचा बेरोजगारीचा दर श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. पण त्याच सर्वेक्षणात शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ च्या ४२.५ टक्क्यांवरून ४६.१ टक्क्यांवर गेला. गरीब माणसाला बेरोजगार राहणे परवडत नाही. काम गेले की तो घरच्या शेतीत किंवा हातगाडीवर राबतो आणि नोंदीत रोजगारात दिसतो. अर्थतज्ज्ञ ओकन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेसाठी उत्पादन आणि बेरोजगारी यांचे जे नाते मांडले, म्हणजे उत्पादन वाढले की बेरोजगारी घटते, ते आपल्याकडे म्हणूनच सैल पडते. इथे उघड बेरोजगार राहतो तो बहुधा शिकलेला तरुण, ज्याचे घर काही वर्षे त्याला सांभाळू शकते. त्याला मेट्रोच्या खांबाने काम मिळत नाही. बांधकामाच्या टप्प्यात खर्चाचा लाभ गवंड्याला आणि सेंट्रिंगवाल्याला झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पदवीधराचे काम पुढच्या टप्प्यात येते: रस्त्यालगत उद्योग आले तर, कालव्याने प्रक्रिया उद्योग उभे केले तर, आणि रुग्णालये, शाळा, प्रयोगशाळा मंजूर पदांनिशी चालल्या तर.

भांडवली आणि महसुली या विभागणीचा एक दुष्परिणामही सांगितला पाहिजे. रुग्णालयाची इमारत भांडवली खर्चात मोडते, तिथल्या परिचारिकेचा पगार महसुली खर्चात. काटकसर आली की पहिली कात्री महसुली बाजूला, म्हणजे भरतीला लागते. इमारत उभी राहते आणि वॉर्ड बंद राहतो. गुणकाच्या आकड्यांचा आधार घेऊन अशी पदे रिकामी ठेवणे मला चुकीचे वाटते, कारण परिचारिकेशिवाय ती इमारत क्षमता म्हणून मोजताच येत नाही, आणि ती परिचारिका, तो तंत्रज्ञ, तो कनिष्ठ अभियंता तुमच्याच वर्गातला कुणीतरी आहे.

दर डिसेंबरात आपल्या शहरात हिवाळी अधिवेशन भरते आणि पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा निधीच्या मागण्या, मांडल्या जातात. त्यांची एकूण रक्कम बातम्यांत येते. तुम्ही अभ्यास करताना ती बाजूला ठेवा आणि अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एखाद्या लेखाशीर्षापुढचे, म्हणजे खर्चाच्या एका खात्यापुढचे, आकडे काढा: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज. पाटबंधाऱ्यांचे आणि आरोग्याचे लेखाशीर्ष आधी घ्या. मूळ अंदाजात जे दिले, ते सुधारित अंदाजात किती उरले आणि प्रत्यक्षात किती खर्च झाले, हा फरक पाच वर्षांचा मांडलात तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आकड्यांतच मिळेल.